करंटची भीती, हातातल्या बांगड्या आणि एनसीव्ही

या आठवड्याचं पत्र मिरजेजवळच्या एका गावातून आलंय. विषय आहे एनसीव्ही, म्हणजे नसेतून निरोप किती वेगाने जातो हे मोजणारी तपासणी. नाव छापू नका अशी विनंती आहे, म्हणून देत नाही. पत्र थोडं आवरतं घेतलंय.

"ताई, माझं वय 53. घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिकोचंही काम घेते. गेलं वर्षभर उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. रात्री दोन-अडीचला हात बधिर होऊन जाग येते. हात झटकला, पलंगाखाली लोंबता सोडला की जरा बरं वाटतं. आता सुईत दोरा ओवताना सुई हातातून निसटते. शुगर आहे, थायरॉईडची गोळी चालू आहे. हाडांच्या डॉक्टरांनी एनसीव्ही लिहून दिली, त्याला दीड महिना झाला. चिठ्ठी तशीच पडून आहे. लहानपणी शेतातल्या मोटारीच्या पेटीचा मला शॉक बसला होता. चुलत्यांनी लाकडाने हात सोडवला म्हणून वाचले. आणि या तपासणीत म्हणे करंटच देतात. जाऊबाई म्हणाल्या, त्यांच्या भावाला सुयाही टोचल्या. हार्टला काही होणार नाही ना? हातातल्या हिरव्या बांगड्या काढाव्या लागतील का? लगीनसराई उरकून मग गेलं तर चालेल का? आणि नस सुकली आहे असं निघालं तर हात कायमचा जाईल का?"

प्रिय ताई,

निवृत्त होईपर्यंत मी याच तपासणीच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून काम केलं. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना अशा किती बायका, किती पुरुष डोळ्यांसमोर आले. खुर्चीत बसायच्या आधीच घामाघूम झालेले, हात छातीशी धरून बसलेले. मोटारीच्या पेटीचा शॉक खाऊन वाचलेल्या माणसाला करंट म्हटलं की धडकी भरणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि कोणी हसलं तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

सगळ्यात आधी तुमच्या हार्टच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, हार्टला काही होत नाही. मोटारीच्या पेटीतला करंट आणि या मशीनचा करंट यांत फरक कुठे आहे तो नीट समजून घ्या, म्हणजे माझ्या शब्दावर नुसता विश्वास ठेवायची गरज उरणार नाही. घरातली किंवा शेतातली वीज एकदा अंगाला चिकटली की सतत वाहत राहते. हातातून शिरते, छातीतून जाते आणि पायातून जमिनीत उतरते. स्नायू आखडतात म्हणून माणसाला हात सोडवता येत नाही. तुमच्या चुलत्यांना लाकूड घ्यावं लागलं ते त्यामुळेच. इथे तसं काहीच नसतं. तंत्रज्ञाच्या हातात दोन बोथट टोकांची एक छोटी मूठ असते. ही दोन टोकं एकमेकांपासून दोन-तीन सेंटीमीटरवर असतात. करंट जातो तो या टोकातून त्या टोकापर्यंत, कातडीखालच्या तेवढ्याच जागेत. आणि तो टिकतो किती? सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाचा दहावा किंवा पाचवा हिस्सा. लागला म्हणेपर्यंत संपलेला असतो. शिवाय मशीनची रचनाच अशी असते की घरातल्या लाइनीतली वीज थेट पेशंटपर्यंत पोहोचत नाही. छातीजवळ कुणी येतही नाही, तुमच्या बाबतीत काम मनगट आणि कोपर इथेच आहे.

ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे अशा वाचकांसाठी लगेच सांगते: नेहमीची हाताची-पायाची तपासणी त्यांचीही होते, पण पेसमेकर आहे हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं, खोलीत गेल्यावर नाही. गरोदर बाईलाही ही तपासणी करता येते.

आता खोलीत काय होतं ते क्रमाने सांगते. तुम्हाला पलंगावर निजवतील किंवा खुर्चीत बसवतील. हात स्पिरिटने पुसतील, जरा घासतीलही. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो उंचवटा असतो, त्यावर एक चकती चिकटवतील. तर्जनीला दोन मऊ कड्या घालतील. हाताला आणखी एक पट्टी लावतील, ती अर्थिंगची. चकतीखालची जेल गार लागते, इतकंच. मग मनगटावर ती मूठ टेकवून करंट शून्यापासून हळूहळू वाढवत नेतात. आधी काहीच कळत नाही. मग टिचकी मारल्यासारखं वाटतं. मग अंगठा आपोआप उडतो. हे पहिल्यांदा पाहताना विचित्र वाटतं, कारण आपण हलवलेला नसताना तो हलतो. पडद्यावर एक डोंगर उमटतो, त्याची उंची आणि सुरुवात मशीन मोजून ठेवतं. मग तीच गोष्ट कोपराच्या घडीत.

यापुढचा भाग तुमच्या ओळखीचा आहे. तंत्रज्ञ कातडीवर पेनाने दोन खुणा करतात आणि इंचटेप काढतात, तुमच्या गळ्यात दिवसभर असते तशीच. फक्त तिची सेंटीमीटरची बाजू वापरतात. समजा मनगटाच्या खुणेपासून कोपराच्या खुणेपर्यंत अंतर 22 सेंटीमीटर भरलं. मनगटावरून निरोप अंगठ्याला पोहोचायला जेवढा वेळ लागला, त्यापेक्षा कोपरावरून 4 मिलीसेकंद जास्त लागले. म्हणजे 22 सेंटीमीटर कापायला 4 मिलीसेकंद. वेग झाला सेकंदाला 55 मीटर. हातातल्या नसांचा वेग साधारण 50 किंवा त्याच्या वर आणि पायातल्यांचा 40 किंवा त्याच्या वर असला की बरा समजतात, प्रत्येक लॅबचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात. एवढीच ही तपासणी आहे: टेप, घड्याळ आणि वजाबाकी. 1850 मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या नसेतला वेग मोजला तो असाच, एकाच नसेवर दोन ठिकाणी करंट देऊन आणि वेळातला फरक काढून. नसेतला निरोप इतका झटपट जातो की तो मोजताच येणार नाही, असं त्याआधी भल्याभल्यांना वाटायचं.

तुमच्या हाताला याचा उपयोग काय? तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे अंगठा आणि शेजारची दोन बोटं, रात्रीची जाग, हात झटकल्यावर आराम, ही मनगटात नस दबल्याची असावीत असा तुमच्या डॉक्टरांचा अंदाज दिसतो. मनगटाच्या पुढच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटांकडे जाणाऱ्या नऊ दोऱ्या (स्नायूंची बोटांना ओढणारी टोकं) आणि एक नस अशी दाटीवाटीने जातात. दोऱ्यांवरची आवरणं जरा सुजली की चेपली जाते ती नस. शुगर आणि थायरॉईड असलेल्यांना हा त्रास जास्त होतो, आणि मनगट वाकवून तासन्‌तास काम करणाऱ्यांनाही. पण मुंग्या मानेतल्या नसेमुळेही येतात, शुगरमुळेही येतात. त्रास नेमका कुठला, हे बाहेरून हात बघून दरवेळी सांगता येत नाही. वेग कोपर ते मनगट चांगला आणि मनगटापाशीच मंदावलेला निघाला, तर अडचण मनगटात आहे हे कागदावर दिसतं. करंगळीकडे जाणारी नस वेगळी असते, ती तुलनेसाठी तपासतात. डावा हातही तपासतात, तो दुखत नसला तरी. शुगर असल्यामुळे पायही बघायला सांगितले असतील. तेव्हा "माझा उजवाच हात दुखतो, डाव्याला कशाला करंट देता" असं वाटलं तर घाबरू नका, काही बिघडलंय म्हणून ते तिकडे वळलेले नसतात.

दुखतं का? दुखतं, थोडं. खोटं सांगून तुम्हाला तिथे पाठवणार नाही. बोटांच्या संवेदनेची तपासणी बहुतेकांना काहीच वाटत नाही. अंगठा उडवणारी तपासणी जरा जोरात लागते, कारण नसेतला एकही धागा सुटू नये म्हणून करंट पुरेपूर वाढवावा लागतो आणि शेवटी थोडा आणखी देतात. कोपराशी तो जास्त जाणवतो, हात उडतो. नंतर मनगटावर ओळीने दहाएक झटके देतात, निरोप मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येतो का हे पाहायला. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो. पण प्रत्येक झटका तिथल्या तिथे विरतो, मागे ठणका राहत नाही. "एवढंच होतं होय?" हे वाक्य मी त्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय की पेशंट चपला घालायला लागला की मी त्याची वाटच बघायची.

तुम्ही मात्र एक गोष्ट जरूर करा. खोलीत शिरल्या शिरल्या तंत्रज्ञाला सांगा: "मला लहानपणी विजेचा मोठा शॉक बसलाय, मला भीती वाटते." एवढंच वाक्य. चांगला तंत्रज्ञ लगेच आपला वेग कमी करतो. प्रत्येक झटक्याआधी सांगायला सांगा. डावा हात वर केला की थांबायचं, असं आधीच ठरवून घ्या, आणि एकदा मुद्दाम थांबवून बघा. आपण थांबा म्हटलं की थांबतं हे कळलं ना, की निम्मी भीती तिथेच उतरते. मोटारीच्या पेटीने तुमचं ऐकलं नव्हतं, इथे ऐकतात. मुलगी किंवा सूनबाई सोबत असेल तर तिला आत बसू देता का, हे विचारा, बहुतेक ठिकाणी देतात. बाई तंत्रज्ञ हवी असेल तर तेही फोनवरच विचारा.

आणि हात सैल सोडा. हे वाटतं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे. बोटांतून येणारा निरोप फार बारीक असतो, एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले काही मोजके भाग. हात गच्च धरला की स्नायूंचीच खळबळ पडद्यावर पसरते आणि तो निरोप त्यात हरवतो. मग पुन्हा झटका, पुन्हा झटका. घाबरून आवळलेल्या हाताला जास्त झटके खावे लागतात ते असे. जमत नसेल तर श्वास सोडताना झटका द्यायला सांगा, आणि बोलत राहा. माझ्याशी पेशंट लोणच्यापासून जमिनीच्या वाटणीपर्यंत सगळं बोललेत, तपासणी कधी संपली हे त्यांना कळलंही नाही.

सुयांचं असं आहे की ती वेगळी तपासणी, ईएमजी. तुमच्या चिठ्ठीवर नुसतं एनसीव्ही लिहिलं असेल तर बहुधा सुई नसणारच. मानेतली नस दबल्याची शंका असेल किंवा अंगठ्याचा उंचवटा बसलेला दिसला तर डॉक्टर सुईची तपासणीही करतात. ती सुई बारीक असते, नवीन असते, वापरून टाकून देतात. तिच्यातून करंट देत नाहीत. ती फक्त स्नायूचा आवाज ऐकते. टोचल्यावर स्नायूत कळ येते, दुसऱ्या दिवशी एखादा निळसर डाग राहू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं, पण स्वतःच्या मनाने ती बंद करायची नाही.

आता तयारी. त्या दिवशी हातापायांना तेल लावू नका. तुम्हा-आम्हाला हात दुखला की रात्री कोमट तेल चोळायची सवय आहे, बाम चोळायची तर त्याहून. तेलकट कातडीवर चकती नीट बसत नाही आणि नोंद खराब येते. आदल्या रात्रीपासून तेल, बाम, क्रीम सगळं बंद, आणि सकाळी साबण लावून अंघोळ. मेंदीचा रंग असला तरी हरकत नाही.

बांगड्या काढाव्या लागतील, दोन्ही हातांतल्या. मनगट मोकळं नसेल तर काम होत नाही. पण हे घरूनच करा. काचेच्या बांगड्या घट्ट असतील तर हाताला साबणाचा फेस लावून आदल्या दिवशी निवांत उतरवा, किंवा कासाराकडे जा. लॅबमध्ये घाईघाईत ओढाताण करून बांगडी वाढवायची वेळ आणू नका. मनाला लागून राहतं ते, मी पाहिलंय. उतरवताना तेल लावलं असेल तर नंतर हात साबणाने स्वच्छ धुवा. अंगठ्या काढा. पाय तपासायचे असतील तर पैंजण आणि जोडवीसुद्धा. मंगळसूत्र सहसा काढावं लागत नाही, हाताच्या तपासणीत त्याचा अडथळा नसतो. घट्ट लांब बाह्यांचा ब्लाऊज नको, कोपर सहज उघडं राहील असा सैल घाला. पायांची असेल तर साडीऐवजी सैल सलवार सोपी पडते.

उपाशी जायचं नाही. तुम्हाला शुगर आहे, नेहमीसारखं खा, गोळी घ्या, थायरॉईडचीही घ्या. उपवासाच्या दिवसाची वेळ घेऊ नका.

आणि हात गरम ठेवा. हे लोकांना सहसा कोणी सांगत नाही. गार हातात नसेचा वेग खरोखरच कमी होतो, एका अंशाला साधारण दीड-दोन मीटरने. हिवाळ्याच्या सकाळी मोटारसायकलवर मागे बसून उघड्या हातांनी आलात आणि एसीच्या खोलीत तशीच तपासणी झाली, तर धडधाकट नसही मंद दिसू शकते. हातमोजे किंवा शाल घ्या, पोहोचल्यावर थोडा वेळ बसा, हात चोळा. हाताला हात लावून पाहिला आणि गार लागला तर तंत्रज्ञाला सांगायला संकोचू नका: "हात गार आहे, शेकून घेऊ का?" ते खूश होतील.

सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, शुगर-थायरॉईडचे ताजे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी न्या. फोन करताना खर्चही विचारा. एका हाताचा, दोन्ही हातांचा आणि हातपाय चारींचा दर वेगवेगळा असतो. परवडत नसेल तर जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ही सोय आहे का ते विचारून घ्या. अर्धा ते एक तास धरा, चारी हातपाय असतील तर जरा जास्त. नंतर विश्रांतीची गरज नसते. त्याच संध्याकाळी मशीनवर बसलात तरी चालेल.

लगीनसराईचं मात्र मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. नुसत्या रात्रीच्या मुंग्या असत्या तर डॉक्टरांना विचारून थोडं थांबा म्हटलं असतं. पण तुमच्या हातातून सुई निसटते आहे. याचा अर्थ नसेवरचा दाब फक्त झोपेपुरता राहिलेला नाही. दोन्ही तळहात शेजारी ठेवून अंगठ्याखालचे उंचवटे आत्ता बघा. उजवा डाव्यापेक्षा सपाट दिसतो का? दिसत असेल तर याच आठवड्यात वेळ घ्या. दिसत नसेल तरी सीझनच्या आधी जा. लगीनसराईत दिवसाला दहा-बारा तास कात्री आणि मशीन चालवून तोच दाब वाढवायचा आणि मग तपासायला जायचं, हे हाताच्या फायद्याचं नाही. हात हे तुमचं उत्पन्न आहे.

राहिला शेवटचा प्रश्न. मनगटात दबलेली नस म्हणजे लकवा नव्हे. या त्रासाने हात एका दिवसात जात नाही. (अचानक तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं हे वेगळं. त्यात एनसीव्हीची वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा.) रिपोर्टवर सौम्य, मध्यम किंवा तीव्र असं लिहून येतं. सौम्य असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, कामात बदल, शुगर-थायरॉईड ताब्यात ठेवणं, यावर अनेकांचं भागतं. काहींना मनगटात इंजेक्शन देतात. तीव्र असेल तर छोटं ऑपरेशन सुचवतात. बोगद्यावर ताणलेला शरीरातलाच पट्टा कापून नसेला जागा करून देतात, बहुतेकदा तेवढाच भाग बधिर करून, आणि त्याच दिवशी घरी सोडतात. फार दिवस दबून राहिलेल्या नसेला सावरायला महिने लागतात आणि कधी थोडी उणीव उरते, म्हणून तर लवकर जा म्हणते. उलट रिपोर्ट नॉर्मल आला तर "मग मला उगाच वाटत होतं का?" असं मनाला लावून घेऊ नका. सुरुवातीच्या अवस्थेत काही जणांची तपासणी नॉर्मल येते, आणि अगदी बारीक नसांचे दोष या तपासणीत दिसतच नाहीत. लक्षणं खरी असतात, डॉक्टर पुढचा विचार त्यावरून करतात. रिपोर्टचा अर्थ मात्र त्यांच्याकडूनच घ्या, काउंटरवर हातात पडल्यावर मोबाइलवर शोधत बसू नका.

तोवर आज रात्रीपासून मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा. औषधाच्या दुकानात मिळतो, धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी असलेला घ्या, नुसता इलॅस्टिकचा नको. घट्ट आवळायचा नाही, एक बोट आत गेलं पाहिजे. हात उशीखाली किंवा गालाखाली दुमडून झोपायची सवय असेल तर ती मोडा. दिवसा जाड कापडाचं बेतणं एकदम न करता मध्येमध्ये हात मोकळा करा. कात्रीला धार लावून आणा, बोथट कात्री मनगटाला फार राबवते. आणि उद्या सकाळी लॅबला फोन करून तीनच गोष्टी विचारा: वेळ कधीची, दर किती, सोबत कोणाला आत घेता का.

तुमची,
ताई

(या सदरातला सल्ला माहितीसाठी आहे. तुमच्या हाताची तपासणी केलेल्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.)